हवा बदलली की मेंदूतली रक्तवाहिनी फुटते का?

डिसेंबर लागला, पहाटे चादर अंगावर ओढावीशी वाटू लागली, की तो संदेश मोबाईलवर पुन्हा फिरू लागतो: 'थंडीत आंघोळ करताना पहिला तांब्या डोक्यावर ओतू नका, ब्रेन हॅमरेज होतं. आधी पाय भिजवा, मग गुडघे, मग पोट...' त्याच दिवसांत वाड्यावरचं कोणीतरी पहाटे न्हाणीत कोसळतं. रुग्णवाहिका जाते आणि अंगणात जमलेली मंडळी दोन्हींची सांगड घालून मोकळी होतात. थंडी बाधली.

थंडीचा आणि मेंदूतल्या रक्तस्रावाचा संबंध आहे, हे खरं. जपान, चीन, युरोप अशा बऱ्याच ठिकाणच्या नोंदींत हिवाळ्यात हे रुग्ण वाढलेले दिसतात. तांब्या आधी कुठे ओतला याला मात्र कसलाही आधार नाही. शिवाय आपल्या गोव्यात स्वेटर ट्रंकेतून निघतो तो बहुतेक महाबळेश्वरला जायचं ठरलं तरच. इथे ऋतू शरीरात शिरतो तो वेगळ्याच वाटांनी. त्यातल्या काही वाटा स्वयंपाकघरातून जातात, काही औषधांच्या डब्यातून, तर एक अंगणातल्या शेवाळलेल्या पायरीवरून.

फुटतं ते नेमकं काय?

पक्षाघात दोन तऱ्हांनी होतो. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी गुठळीने तुंबते, ही पहिली तऱ्हा. दुसरीत ती फुटते आणि रक्त मेंदूत साचतं. या दुसरीलाच आपण ब्रेन हॅमरेज म्हणतो. आपल्या देशात दर चार-पाच पक्षाघातांमागे साधारण एक या प्रकारचा असतो. संख्येने कमी, पण जीव जाण्याचं प्रमाण यात जास्त.

कुळागरातली, म्हणजे माड-पोफळीच्या बागेतली, पाण्याची व्यवस्था डोळ्यांसमोर आणा. पंपापासून निघालेली जाड नळी आणि तिला मध्येच काटकोनात टोचून काढलेल्या बारीक नळ्या. मेंदूच्या खोल भागात अगदी असंच असतं. मोठ्या रक्तवाहिनीतून मिलिमीटरपेक्षाही बारीक फांद्या थेट काटकोनात निघतात. मधल्या टप्प्यात दाब उतरायला वावच नसतो. मोठ्या नळीतला जोर जवळजवळ तसाच या केसासारख्या फांद्यांवर आदळतो. दहा-पंधरा वर्षं प्रेशर, म्हणजे रक्तदाब, वाढलेलं राहिलं, की त्यांच्या भिंतीतला लवचीक थर मरतो, भिंत कडक आणि ठिसूळ होते, कुठेकुठे बारीक फुगे येतात. उन्हात पडून करकरीत झालेली नळी हातात घेऊन वाकवली की कशी तडकते, तसं.

कवटी ही बंद पेटी. तिच्यात सव्वा ते दीड किलोचा मेंदू ठासून बसवलेला. पायावर मार लागला तर रक्त साचून पाय सुजतो. मेंदूला सुजायला जागाच नाही. डॉक्टर रक्तस्रावाचं गांभीर्य ठरवताना ३० मिलिलिटर हा एक टप्पा धरतात. खोकल्याच्या औषधाचं १० मिलिलिटरचं टोपण असतं ना, तशी तीन टोपणं. एवढ्याशा रक्ताने माणूस कायमचा अंथरुणाला खिळू शकतो.

सगळेच रक्तस्राव प्रेशरमुळे होत नाहीत. सत्तरी ओलांडलेल्यांत मेंदूच्या पृष्ठभागाजवळच्या वाहिन्यांत एक प्रथिन साचून त्या कुजक्या होतात. काहींच्या मोठ्या वाहिनीवर फुगा असतो आणि तो फुटला की मेंदूभोवतीच्या आवरणात रक्त पसरतं. ऋतूशी सर्वांत स्पष्ट नातं दिसतं ते मात्र पहिल्या, प्रेशरवाल्या प्रकाराचं. फुग्याच्या बाबतीत निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत.

थंडी आतपर्यंत पोचते कशी?

मेंदू थंड पडतो म्हणून वाहिनी आकसून फुटते, असा एक समज आहे. तो चुकीचा. मेंदूचं तापमान पहाटेच्या गारव्याने हलत नाही. थंडी काम करते ती त्वचेवर.

गार वारा अंगाला लागला की शरीर उष्णता वाचवायला बघतं. त्वचेखालच्या बारीक वाहिन्या आवळल्या जातात. पंप तसाच चालू आणि बागेतल्या निम्म्या तोट्या कोणीतरी बंद केल्या, तर उरलेल्या नळ्यांत जोर वाढणारच. हेच ओळखायला डॉक्टरांकडे एक साधी चाचणी आहे. हात बर्फाच्या पाण्यात मिनिट-दोन मिनिटं बुडवून ठेवायचा. तेवढ्यात वरचं प्रेशर दहा-वीस अंकांनी चढतं. (प्रेशरचे अंक म्हणजे पाऱ्याचे मिलिमीटर. पुढे नुसते अंकच लिहिले आहेत.)

यात दुसरी गोष्ट मिसळते ती घड्याळाची. झोपेत प्रेशर दहा ते वीस टक्क्यांनी उतरतं आणि जाग यायच्या सुमाराला पुन्हा चढू लागतं, कारण शरीर उठण्याच्या तयारीत अॅड्रिनलीनसारखी द्रव्यं सोडतं. पक्षाघात सर्वांत जास्त सकाळी सहा ते दुपारी बारा या वेळात होतात, हे अनेक देशांत दिसलं आहे. आता हिवाळ्यातली पहाट बघा. दिवसातला सर्वांत गार क्षण आणि प्रेशर चढण्याची वेळ नेमकी एकत्र येते. रात्रीच्या गोळीचा असर तेव्हा ओसरत आलेला असतो आणि सकाळची अजून डब्यातच असते. त्यात बद्धकोष्ठ असेल, तर कुंथताना प्रेशर आणखी क्षणभर उसळतं. न्हाणीत माणूस का कोसळतो, याचं उत्तर इथे आहे. पाण्याच्या तांब्यावर उगाच आळ येतो.

तांब्याबद्दल आणखी एक. विहिरीचं पाणी गोव्यात बारा महिने साधारण २७ अंशांच्या आसपास असतं. जमिनीखालचं पाणी वर्षभराचं सरासरी तापमान धरून ठेवतं म्हणून. जानेवारीच्या पहाटे ते पाणी हवेपेक्षा ऊबदार असतं, त्यातून वाफ निघताना दिसते ती त्यामुळेच. काकडआरतीला जाण्याआधी विहिरीवर न्हाणाऱ्याला बाधतं ते पाणी नव्हे. न्हाऊन झाल्यावर ओल्या अंगाने वाऱ्यात उभं राहणं बाधतं. टाकीतल्या पाण्याची गोष्ट उलटी. गच्चीवर रात्रभर उघड्यावर राहिलेली टाकी खरोखर गार पडते. तेव्हा प्रेशरवाल्यांनी कोमट पाणी घ्यावं, अंग आडोशाला पुसावं आणि मगच बाहेर यावं. सुरुवात डोक्यापासून करायची की पायापासून, ते ज्याच्या त्याच्या सवयीवर.

पण गोव्यात थंडी असते कुठे?

हा आक्षेप रास्त आहे. पणजीत जानेवारीच्या पहाटे पारा साधारण २० अंशांवर येतो. दिल्लीकर हसेल. पण त्याच दिवशी दुपारी तो ३२ वर असतो. म्हणजे सहा-सात तासांत बारा अंशांचा फरक. जुलैत हाच फरक जेमतेम पाच अंशांचा, २४ ते २९. समुद्रापासून दूर, वाळपई, सांगे, धारबांदोडा या बाजूला रात्री आणखी गार आणि दुपारी तेवढ्याच तापलेल्या. गोव्याचा हिवाळा म्हणजे खरं तर फक्त पहाट.

दुसरं म्हणजे शरीर सवयीवर चालतं. युरोपातल्या देशांची तुलना झाली, तेव्हा एक विचित्र गोष्ट पुढे आली. हिवाळ्यात जादा मृत्यू सर्वांत जास्त होते ते पोर्तुगालमध्ये, कडाक्याच्या फिनलंडमध्ये नव्हे. फिनलंडमधलं घर आतून ऊबदार असतं, माणूस टोपी-हातमोज्यांशिवाय बाहेर पडत नाही. पोर्तुगालमधली घरं गार, आणि 'आमच्याकडे काय एवढी थंडी' म्हणत माणूस तसाच बाहेर. हे आकडे सर्व कारणांच्या मृत्यूंचे आहेत आणि लिस्बनचा हिवाळा आपल्यापेक्षा बराच गार असतो, म्हणून ते जसेच्या तसे इथे चिकटवता येणार नाहीत. पण मुद्दा पोचतो. कौलांतून वारा खेळणारं, दमट हवेसाठी बांधलेलं घर, अंगात बनियन आणि पहाटे साडेपाचला स्कूटरवर पाव आणायला निघालेले आजोबा. त्यांच्या त्वचेला वीस अंश म्हणजे थंडीच.

मग धोका किती वाढतो?

फ्रान्समधल्या बोर्दो, दिजाँ आणि माँपेल्ये या तीन शहरांत ६५ वर्षांवरच्या ८,८०१ लोकांचं प्रेशर ऋतूनुसार तपासलं गेलं. २००९ साली निकाल छापून आले. हिवाळ्यात वरचं प्रेशर उन्हाळ्यापेक्षा सरासरी ५ अंकांनी जास्त होतं. वरचं १६० किंवा खालचं ९५ च्या वर गेलेले लोक उन्हाळ्यात २३.८ टक्के होते, हिवाळ्यात ३३.४ टक्के. सरासरी ५ अंक म्हणजे क्षुल्लक वाटतं. पण काठावर बसलेली माणसं किती पलीकडे ढकलली गेली ते दुसऱ्या आकड्यात दिसतं.

तरी घाबरण्याआधी एक हिशेब करू. समजा, एखाद्या वयोगटात वर्षाला हजारात दोघांना मेंदूत रक्तस्राव होतो. थंडीने त्यात पाचव्या हिश्शाची भर घातली असं धरलं तरी दोनाचे सव्वादोन-अडीच होतात. उरलेल्या नऊशे सत्त्याण्णवांना काहीच होत नाही. आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत, पण प्रमाणाची जाण यायला पुरे. 'धोका वीस टक्क्यांनी वाढला' अशी बातमी वाचली की विचारायचं, कशाच्या वीस टक्के?

हवामानाच्या पारड्याशेजारी आता औषधाचं पारडं ठेवा. वरचं प्रेशर १० अंकांनी खाली आणलं तर एकूण पक्षाघात सुमारे चौथ्या हिश्शाने घटतात. आधी पक्षाघात होऊन गेलेल्या सहा हजारांवर रुग्णांना प्रेशरच्या गोळ्या देऊन झालेल्या, २००१ साली प्रसिद्ध झालेल्या 'प्रोग्रेस' चाचणीत मेंदूतले रक्तस्राव निम्म्यावर आले. भिंत वर्षानुवर्षांच्या दाबाने झिजते, हवा फक्त शेवटचा धक्का देते. धक्का आपल्या हातात नाही, भिंतीवरचा दाब आहे.

पावसाळा: पुरुमेंत, सर्दीची गोळी आणि शेवाळ

थंडीची चर्चा सगळे करतात. आमच्या मते गोव्यातल्या प्रेशरवाल्यांनी जास्त जपायचा काळ पावसाळ्यात सुरू होतो आणि त्याकडे फारसं कोणी बघत नाही.

मे महिन्यात घरोघर पुरुमेंत होतं. पोर्तुगीज शब्दावरून आलेलं हे नाव, पण पावसाळ्याची बेगमी करायची रीत त्याहून जुनी. खारे बांगडे, सुकी सुंगटं (कोळंबी), मिस्कूट (कैरीचं लोणचं), पापड, खाराचे आंबे, आणि हे सगळं टिकवणारं मिठागराचं मीठ. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. ताजी मासळी महागते आणि ताटात किसमूर (सुक्या सुंगटांची खोबरं घातलेली कोशिंबीर), भाजलेला खारा बांगडा आणि लोणचं येतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा माणशी दिवसाला ५ ग्रॅम मिठाची आहे, म्हणजे सपाट भरलेला एक चहाचा चमचा. त्यात आमटी-भाजीतलं मीठही आलं. खाऱ्या मासळीच्या एका तुकड्याने यातला मोठा हिस्सा संपतो. मीठ पाण्याला धरून ठेवतं, नळ्यांत पाणी वाढतं, जोर वाढतो. उन्हाळ्यात घामावाटे थोडं मीठ तरी बाहेर पडत होतं. जुलैत तेही बंद.

खारा बांगडा सोडा असं सांगणारा डॉक्टर गोव्यात टिकणार नाही. पण तो आदल्या रात्री भरपूर पाण्यात भिजत घालता येतो. पाणी दोनदा बदलून ओतून टाकलं की बरंच मीठ उतरतं. त्या दिवशी ताटात लोणचं-पापड नको आणि सोलकढीत वरून मीठ नको. प्रेशरवाल्या माणसासाठी आठवड्याला एकदा, तोही अर्धा. मूत्रपिंडं ठीक असतील आणि पोटॅशियम वाढवणाऱ्या गोळ्या चालू नसतील, तर शहाळं, केळं चालतं. पोटॅशियम मिठाच्या उलट काम करतं.

दुसरी वाट सर्दीची. पावसात भिजलं की नाक चोंदतं आणि फार्मसीतून 'सर्दीची गोळी' येते. चोंदलेलं नाक मोकळं करणारी औषधं नाकातल्या वाहिन्या आवळून काम करतात. पण त्या गोळीला नाक कुठे आणि मेंदू कुठे हे कळत नाही, ती सगळीकडच्या वाहिन्या आवळते. फिनाइलप्रोपेनोलामाइन नावाचं असंच एक औषध मेंदूतल्या रक्तस्रावाशी जोडलं गेल्यावर अमेरिकेच्या औषध खात्याने २००० साली कंपन्यांना ते थांबवायला सांगितलं. आज अनेक गोळ्यांत फिनाइलएफ्रिन असतं. प्रेशर असेल तर पाकिटाच्या मागे हे नाव शोधा आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. वाफ घ्या, मिठाच्या पाण्याचे थेंब नाकात घाला. इथलं मीठ पोटात जात नाही, तेव्हा हरकत नाही. दुखण्यावरच्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्याही प्रेशर चढवतात. तापावर साधं पॅरासिटामॉल बरं.

तिसरी वाट रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीची. हृदयाची झडप बदललेल्या बऱ्याच जणांना वॉरफरिन चालू असतं. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते आयएनआर या तपासणीने कळतं आणि बहुतेकांचा आकडा २ ते ३ मध्ये राहायला हवा, काही झडपांना थोडा वर. पालेभाजीतलं क जीवनसत्त्व नव्हे, 'के' जीवनसत्त्व या गोळीच्या विरुद्ध काम करतं. आता आपलं पावसाळी ताट आठवा. टाकळा (आपला तायकिळो), तेरं, अळू, शेवग्याचा पाला. श्रावणात दोन्ही वेळा पालेभाजी, गोळीचा जोर कमी पडतो, आयएनआर खाली येतो आणि डॉक्टर डोस वाढवतात. चतुर्थी सरली, मासळी परत ताटात आली, पालेभाजी गेली. डोस मात्र वाढवलेलाच राहिला. आयएनआर उसळतो आणि रक्त गरजेपेक्षा पातळ होतं ते इथे. भाजी बंद करायची नाही, प्रमाण वर्षभर साधारण सारखं ठेवायचं आणि खाण्यात मोठा बदल झाला की आठवड्याभरात तपासणी करायची. पावसाळी तापासाठी किंवा पोटासाठी प्रतिजैविक सुरू झालं तरीही हेच. मेट्रोनिडॅझोल आणि कोट्रायमॉक्साझोल ही दोन औषधं आयएनआर पटकन वर नेतात.

आणि चौथी वाट चिऱ्याच्या पायरीवरची. ऑगस्टमध्ये तिच्यावर हिरवट काळा थर बसतो आणि चप्पल घसरते. डोकं आपटतं, टेंगूळ येतं, आजी म्हणते काही झालं नाही. वय झालं की मेंदू थोडा आकसतो आणि कवटीपर्यंत जाणाऱ्या बारीक शिरा ताणलेल्या राहतात. त्यातली एखादी फाटली तर रक्त थेंबाथेंबाने झिरपतं. दोन-तीन आठवड्यांनी, कधी त्याहूनही उशिरा, आजी विसराळू होते, पाय ओढत चालते, दिवसा पेंगते. घरातले म्हणतात वय झालं. सीटी स्कॅनमध्ये कवटीखाली रक्ताचा थर दिसतो. मेंदूतल्या रक्तस्रावांपैकी हा प्रकार बहुतेक वेळा छोट्या शस्त्रक्रियेने बरा होतो, म्हणून तर तो चुकवू नये. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला मार लागला, तर टेंगूळ किती मोठं हे बघत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. पायरी ब्लीचिंग पावडर टाकून घासा. महिन्यातून दोनदा पुरे.

उन्हाळ्यात सुटका?

प्रेशरपुरती, हो. उष्ण हवेत त्वचेच्या वाहिन्या सैल होतात, घामाने मीठ-पाणी जातं, प्रेशर उतरतं. अडचण दुसरीकडे येते. एप्रिलमध्ये प्रेशरसाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्याला उठताना चक्कर येते, तो आपल्या मनाने गोळी अर्धी करतो किंवा सोडतो. तेव्हा प्रेशर खरंच ठीक असतं, म्हणून त्याला वाटतं बरं झालो. जूनमध्ये पाऊस पडतो, प्रेशर हळूहळू चढतं, गोळी मात्र पुन्हा सुरू होत नाही. डिसेंबरच्या पहाटे कोसळणाऱ्याची चूक कित्येकदा एप्रिलात झालेली असते. चक्कर आली तर गोळी कमी करावीच लागेल कदाचित, पण ती डॉक्टरने, आणि परत कधी तपासायचं ती तारीख घेऊन.

याच दिवसांत हुर्राक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू, येतो. लिंबू, मीठ, सोडा घालून सरबतासारखा जातो म्हणून किती प्यायलो ते कळत नाही. दारूने लघवी वाढते, पाणी कमी होतं, तात्पुरतं प्रेशर पडतं आणि दुसऱ्या दिवशी उसळी घेतं. एका बैठकीत खूप पिणं मेंदूतल्या रक्तस्रावाचा धोका वाढवतं, ऋतू कोणताही असो. नाताळ ते नववर्षाच्या आठवड्यालाही हे तितकंच लागू.

बाळंतिणीबद्दल एक वेगळी सूचना. मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरेत गुठळी होण्याचा एक आजार आहे, आणि मागे तुंबलेलं रक्त कधीकधी फुटून बाहेर येतं. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत शरीराचा कल गुठळीकडे असतोच, त्यात पाणी कमी पडलं तर धोका वाढतो. बाळंतिणीला पाणी कमी द्यायची जुनी रीत एप्रिल-मेच्या उकाड्यात तर अजिबात पाळू नये. सतत वाढणारी डोकेदुखी, धूसर दिसणं, फिट येणं, यातलं काहीही झालं तर लगेच रुग्णालय.

हवेचा दाब, एसी आणि पौर्णिमा

वादळ आलं, हवेचा दाब कमी झाला, म्हणून नस फुटली, असं ऐकू येतं. या विषयावरचे अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत. सुमारे ८०० मीटरवरचा चोर्ला घाट चढताना हवेचा दाब ९० हेक्टोपास्कलच्या आसपास उतरतो. किनाऱ्यावर वादळात होणारा चढउतार बहुधा याहून कमीच. बेळगावला बाजाराला जाणारी माणसं तासाभरात तो बदल सोसतात आणि काही होत नाही.

एसीतून उन्हात गेल्याने रक्तस्राव होतो, याला भक्कम पुरावा नाही. तरी प्रेशरवाल्याने अठरा अंशांवर एसी लावून उघड्या अंगाने झोपायचं कारणही नाही. २५-२६ पुरे. पौर्णिमेला असे रुग्ण वाढतात म्हणतात, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

प्रेशर कधी आणि कसं मोजायचं

दंडाला बांधायचं स्वयंचलित यंत्र घ्या. मनगटाचं नको, त्याचे आकडे हाताच्या उंचीप्रमाणे बदलतात. विकत घेताना दंडाचा घेर टेपने मोजा आणि पट्ट्यावर छापलेल्या मर्यादेत बसतो ते बघा. जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा खोटाच वर येतो.

गोव्याच्या ऋतूंप्रमाणे चार वेळा मोजायचं. मार्चअखेर, जूनमध्ये पाऊस बसल्यावर, ऑक्टोबरच्या उकाड्यात आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. प्रत्येक वेळी सलग सात दिवस. सकाळी उठून लघवीला जाऊन आल्यावर, चहा आणि गोळी घ्यायच्या आधी. पुन्हा संध्याकाळी. पाठ टेकवून, पावलं जमिनीला, पायावर पाय नको, दंड छातीच्या उंचीवर टेबलावर. पाच मिनिटं गप्प बसायचं. मोजताना बोललं तरी आकडा वर जातो. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही लिहा. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. १३५/८५ किंवा वर असेल तर वही घेऊन डॉक्टरकडे. १८०/१२० च्या वर दिसलं आणि त्रास काही नसेल, तर पाच मिनिटांनी पुन्हा मोजा. तसंच राहिलं तर त्याच दिवशी फोन करा. घरातल्या कोणाची तरी जादा गोळी घेऊ नका. प्रेशर धाडकन पाडणंही मेंदूला बाधतं.

झालंच तर

तोंड एका बाजूला ओघळतं. दोन्ही हात वर धरायला सांगितले तर एक खाली येतो. बोलणं बोबडं किंवा असंबद्ध. एकाएकी तोल जातो, दिसेनासं होतं. किंवा डोक्यात वीज पडावी तशी डोकेदुखी, मिनिटाच्या आत टोकाला पोचलेली, सोबत उलटी. यातलं एक जरी दिसलं तरी १०८.

रक्तस्राव आहे की गुठळी, हे घरात कोणालाच ओळखता येत नाही. अनुभवी डॉक्टरलाही सीटी स्कॅन लागतो. म्हणून हृदयविकारासाठी घरात ठेवलेली अॅस्पिरिन इथे द्यायची नाही. रक्तस्राव असेल तर ती आगीत तेल. जिभेखालची गोळीही नाही. पाणी, चहा, कांद्याचा वास, बोटांना सुई टोचून रक्त काढणं, काहीच नाही. गिळता येत नसेल तर पाण्याचा घोट फुप्फुसात जातो. कुशीवर झोपवा, दातांची कवळी काढा.

आधी जवळच्या दवाखान्यात 'दाखवून' मग पुढे, यात तास जातो. काणकोण किंवा सत्तरीच्या टोकाहून बांबोळीचं गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय) गाठायला तास-दीड तास लागतोच. जवळजवळ तिसऱ्या हिश्शाच्या रुग्णांत रक्ताची गाठ पहिल्या काही तासांत आणखी वाढते. तेवढ्यात प्रेशर हळूहळू १४० च्या आसपास आणणं आणि वॉरफरिनचा उतारा देणं जमलं, तर ती वाढ रोखता येते. शस्त्रक्रिया सर्वांना लागत नाही. १०८ वाल्यांना स्पष्ट सांगा, पक्षाघात वाटतो, सीटी असलेल्या रुग्णालयात न्या.

निघताना गोळ्यांची सगळी पाकिटं एका पिशवीत घाला, रिकामी झालेलीसुद्धा. आणि डॉक्टर पहिला प्रश्न विचारतील त्याचं उत्तर तयार ठेवा: माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला? रात्री दहाला झोपला आणि पहाटे पाचला तोंड वाकडं घेऊन उठला, तर उत्तर पहाटे पाच नव्हे, रात्री दहा.